जिवाणूंमधील नॉन-कोडिंग आरएनएचे सिक्वेन्सिंग: सल्ला हवा आहे

प्रश्न, ठाणे:
नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत असून स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमधील नॉन-कोडिंग (प्रथिनाचा संदेश न वाहणाऱ्या) आरएनएवर प्रबंध करण्याचा विचार आहे. आमच्याकडे आरएनए वेगळा करण्याचे साधे कॉलम किट आहे. सिक्वेन्सिंग (आरएनएतील अक्षरक्रम वाचणे) बाहेरून करून घ्यावे लागेल. नमुने पाठवण्यापूर्वी काय पाहावे? निधी बेताचाच आहे.

उत्तर, खारघर:
पहिली शंका आपल्या किटविषयीच आहे. सिलिका कॉलमची अनेक किट सुमारे 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा (साखळीतील एककांपेक्षा) लहान आरएनए धरून ठेवत नाहीत, आणि आपल्याला हवे असलेले बरेच रेणू 50 ते 500 न्यूक्लिओटाइडच्या दरम्यान असतात. त्यामुळे फिनॉलवर आधारित पद्धत वापरावी आणि जेलवर 5एस आरएनएचा (लहान राइबोसोमल आरएनएचा) पट्टा दिसतो का, हे पाहावे; तो नसेल तर नमुना पाठवू नये. या जिवाणूची भिंत जाड असल्याने लायसोस्टाफिन (भिंत तोडणारे विकर) किंवा मण्यांनी फोडणे लागेल. मात्र जिवाणूंच्या एमआरएनएचे (प्रथिनाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएचे) अर्धायुष्य अनेकदा काही मिनिटांचेच असल्याने, त्याआधी आरएनए स्थिर करणारे द्रावण घातलेच पाहिजे.

सेवा देणाऱ्यांना ‘जिवाणूचा नमुना’ असे स्पष्ट लिहून द्यावे. मानवी नमुन्यांसाठीची पॉली-ए निवड (अ‍ॅडेनिनच्या शेपटीवरून एमआरएनए वेचणे) येथे निरुपयोगी आहे, कारण जिवाणूंच्या आरएनएला तशी स्थिर शेपटी नसते. राइबोसोमल आरएनए वेगळ्या प्रोबने (त्याला चिकटणाऱ्या तुकड्यांनी) काढावा लागतो, नाहीतर बहुतेक रीड (वाचलेले तुकडे) त्यावरच खर्च होतात. लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) स्ट्रँडची, म्हणजे धाग्याची, दिशा जपणारी हवी, अन्यथा जनुकासमोरच्या धाग्यावरून तयार होणारा अँटिसेन्स आरएनए ओळखताच येत नाही.

उत्तर, नेरुळ:
वरील मताशी सहमत आहे. निधी बेताचा असेल तर आधी एसआरए या सिक्वेन्सिंग डेटाच्या सार्वजनिक संग्रहातील उपलब्ध डेटा घेऊन आयजीव्हीमध्ये (रीड जीनोमवर दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडावा. एजीआर व्यवस्था (विषनिर्मितीचे नियंत्रण करणारी जनुके) शाबूत असलेल्या स्ट्रेनमध्ये, वाढीच्या उत्तरार्धात, 514 न्यूक्लिओटाइडचा आरएनए-थ्री हा रेणू ठळक दिसायला हवा. विषनिर्मितीचे नियंत्रण करणारा हाच रेणू डेल्टा-हिमोलायसिन या विषाचा संदेशही वाहतो, म्हणून नॉन-कोडिंग आरएनएच्या यादीतील प्रत्येक नाव निव्वळ नॉन-कोडिंग समजू नये. शिवाय नुसती रीडची गर्दी म्हणजे नवा आरएनए नव्हे, तो शेजारच्या जनुकाचा तुटलेला तुकडाही असू शकतो. निवडक दोन-तीन रेणू नॉर्दर्न ब्लॉटने (जेलवर वेगळा केलेला आरएनए प्रोबने ओळखण्याची पद्धत) तपासले, तरी माझ्या मते एम.एस्सी.ला ते पुरेसे आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. वाढीच्या प्रत्येक अवस्थेचे किती नमुने घ्यावेत?

उत्तर, खारघर:
स्वतंत्रपणे वाढवलेले किमान तीन. पैसे कमी पडले तर अवस्था कमी कराव्यात, नमुने नव्हे.