परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल होतायत, कोकणातल्यांनी खूश व्हायचं का?

गुहागरकर
विम्यात परकीय भांडवलाची मर्यादा 2015 ला 49 टक्के झाली, 2021 ला 74 आणि 2025 च्या बजेटमध्ये थेट 100 ची घोषणा. लोक टाळ्या वाजवतायत. आमच्या गुहागर तालुक्यात एन्रॉन ही अमेरिकन कंपनी दाभोळ वीज प्रकल्प घेऊन येऊन गेलीय, त्यामुळे माझे हात काय उठत नाहीत. 1991 ला वीजनिर्मितीत 100 टक्के परदेशी मालकी चालेल असं ठरलं आणि 1992 ला टेंडर न काढताच एन्रॉनशी समझोता. वीज घ्या नाहीतर घेऊ नका, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला, वर परतावा पक्का. वर्ल्ड बँकेने 1993 लाच सांगितलेलं की हे परवडणारं नाही. 2001 ला वीज मंडळाने वीज घेणं बंद केलं, डिसेंबरात कंपनीच दिवाळखोर, आणि 2005 ला एनटीपीसी आणि गेल ह्या सरकारी कंपन्यांना पुढे करून प्रकल्प उचलावा लागला. म्हणजे पैसा शेवटी आपलाच.

उरणची लेक
दादा, एका एन्रॉनवरून सगळ्यांना का झोडताय? आमच्याकडे जेएनपीटीत, म्हणजे न्हावा-शेवा बंदरात, 1999 ला परदेशी कंपनीचं टर्मिनल सुरू झालं. 30 वर्षांचा करार, पैसा त्यांचा, रॉयल्टी पोर्टला, मुदत संपली की सगळं पोर्टकडे परत. धंदा झाला नाही तर नुकसान त्यांचं. नंतर अजून टर्मिनलं आली, आपापसात स्पर्धा लागली. आणि जमिनीचं म्हणाल तर ती घेतली सरकारने, 1984 ला भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात उरणमध्ये पाच हुतात्मे झाले तेव्हा परकीय भांडवलाचा पत्तापण नव्हता.

मालवण बंदर
ताई, टर्मिनलचं ठीक आहे, समुद्राचं काय? 1991 च्या खोल समुद्रातल्या मासेमारीच्या धोरणात परदेशी भागीदारीच्या जहाजांना परवाने दिले. ही जहाजं आपल्या छोट्या होड्यांचा मासा ओरबाडणार म्हणून देशभरचे मच्छीमार उठले, 1994 ला संप झाला, सरकारची मुरारी समिती बसली आणि तिने 1996 ला सांगितलं की परवाने रद्द करा. बंदर बांधता येतं, मासा कुठल्या कारखान्यात बनवणार? कुठे दार उघडायचं आणि कुठे नाही हे आधी ठरवा ना.

उरणची लेक
मासेमारीचं मान्य, तिथे दार बंदच बरं. पण आमची पोरं शिकून मुंबई-पुण्याला जातात कारण इथे भांडवलच नाही, आणि देशातला उद्योगपती आला तरी तो काय कमी ओरबाडतो? शेअर बाजारात आलेला पैसा एका दिवसात पळतो, 1997 ला थायलंडमध्ये असाच पैसा पळाला आणि त्यांचं चलन कोसळलं. पण क्रेन आणि धक्का उचलून कोण नेणार?

गुहागरकर
अहो पण एन्रॉनचा प्लांटपण कोणी उचलून नेला नाही, तो इथेच राहिला आणि बिल पण इथेच राहिलं! मी भांडवल नको म्हणतच नाहीये. तुमच्या टर्मिनलमध्ये जोखीम कंपनीची होती, आमच्याकडे सगळी जोखीम वीज मंडळाची, वरून राज्याची हमी, त्याच्यावर केंद्राची हमी. 49 की 100 ह्यावर सगळे भांडतात, हमी कोण देतंय ते कोणीच विचारत नाही.

उरणची लेक
हे मात्र पटलं. मग मागणी तीच करा की सरकारी हमी असलेला कुठलाही करार सहीच्या आधी मराठीत जाहीर करा, ग्रामसभेत वाचा. बारसूत 2023 ला रिफायनरीसाठीच्या नुसत्या माती परीक्षणाला एवढा पोलीस बंदोबस्त लागला. लोकांना आधी कागद दिले असते तर निदान बोलणं तरी झालं असतं.

मालवण बंदर
ग्रामसभेत वाचा, आणि मच्छीमार सोसायट्यांतपण. समुद्राला सातबारा नसतो, त्यामुळे बाधितांच्या यादीत आमचं नाव कधी येतच नाही.