सासू-सासरे उन्हाळाभर येतायत, इंग्लंडच्या खेड्यात – बागेत काय लावू आणि त्यांचा वेळ कसा जाईल?

कोवळी_मेथी

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आता तारीख जवळ आली म्हणून धागा काढतेय. नवऱ्याची नोकरी हेरफर्डच्या हॉस्पिटलात, आणि आम्ही राहतो लेमस्टरच्या पलीकडे एका खेड्यात, भाड्याच्या घरात. खेडं म्हणजे काय तर एक चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल, बाकी चहूकडे सफरचंदाच्या बागा नि मेंढ्या. दुकान नाही. बस दिवसातून दोन-तीन आणि रविवारी तीही नाही. मला गाडी येते पण माझं घरून काम असतं, आणि मुलांची शाळा जुलैचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत चालू.

सासू-सासरे मेच्या अखेरीला येतायत ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. इस्लामपूरची माणसं, दारात सतत कुणाची तरी ये-जा. आप्पा जन्मभर शेती केलेले, व्हिडिओ कॉल लागला की तब्येतीच्या आधी "मागं किती गुंठं हाय?" हेच विचारतात. सगळं मिळून दीड गुंठा असेल, त्यातलं निम्मं लॉन. एक जुनं सफरचंदाचं झाड आहे, कोपऱ्यात रुबार्ब माजलंय, आणि एक ग्रीनहाऊस आहे ज्याच्या दोन काचा फुटलेल्या. आम्ही मागच्या सप्टेंबरात इथे आलो त्यामुळे इथला उन्हाळा काही माहीत नाही.

तर, आत्ता मे सुरू झालाय, काय पेरलं तर ते असताना हाताशी येईल? घरमालकाचं लॉन खणलं तर चालतं का (आप्पा विचारणार नाहीत, सरळ खणतील)? आणि दिवसभर दोघं करतील काय? टीव्हीवर मराठी मालिका लावून देणं हा उपाय मला नकोय.

सॉमरसेटची_काकू

अगं मेथी, तुझ्या नावातच उत्तर आहे 😄 मेथी इथे उन्हाळ्यात झकास येते, किराणातले मेथीदाणे रात्रभर भिजवून टाक, महिना-सव्वा महिन्यात जुडी काढायला येते. राजगिरापण, पण तो जून उजाडल्यावर, गारठा त्याला सोसत नाही. आणि हे आधी लक्षात ठेव की इथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही एखादी रात्र अशी गार पडते की मिरची, दुधी, टोमॅटो सगळं सकाळी काळंठिक्कर. म्हणून ती रोपं आत्ता खिडकीत कर आणि बाहेर काढायचं काम आप्पांसाठी ठेव. दुधी आणि मिरच्या ग्रीनहाऊसमध्येच, बाहेर दुधीला फूल येतं पण फळ धरेपर्यंत उन्हाळा संपतो. फुटक्या काचांना सध्या जाड प्लास्टिक लाव, दिवसा उकडलं तर तसंही दार उघडंच ठेवावं लागतं.

कोथिंबिरीचा मात्र भरवसा धरू नकोस. जूनमध्ये दिवस इतका मोठा की ती दोन पानांवर आली की लगेच फुलायला बघते. अर्ध्या सावलीत पेर, थोडी थोडी, दर पंधरवड्याला. मुळ्याचंही तेच, आत्ता लांब पांढरा मुळा पेरलास तर खाली काही धरत नाही आणि सरळ तुरा येतो. इंग्रज शेजारी हळहळतात आणि उपटून टाकतात. तू उपटू नकोस! डिंगऱ्या येऊ देत. तुझ्या सासूबाईंना परदेशात डिंगऱ्यांची भाजी करायला मिळाली तर त्या विमानाचे पैसे वसूल झाले म्हणतील. जरा कोवळ्या असतानाच खुडायच्या, बोटाने वाकवल्या की कट्कन मोडल्या पाहिजेत, नुसत्या वाकल्या तर राठ झाल्या म्हणायच्या.

रनर बीन लाव, बांबूच्या काठ्यांचा तंबू करून. म्हणजे आपल्या घेवड्याचीच भावंडं, लाल फुलं येतात, आणि जुलैपासून शेंगा रोज तोडल्या नाहीत तर राठ होतात. पण त्या शिजवूनच खायच्या, कच्च्या नाही.

आता महत्त्वाचं. रुबार्बची पानं विषारी असतात, फक्त देठ खायचे. हे आई आल्या आल्या पहिल्या दिवशी सांग, कारण एवढी मोठी हिरवी पानं बघून कुठल्याही मराठी बाईच्या मनात एकतर पालेभाजी येते नाहीतर अळूवडी. देठ मात्र आंबट वरणात चुक्यासारखे घालून बघ, लसणाची फोडणी दे, मस्त लागतं.

आणि स्लग. बिनशंखाच्या त्या चिकट गोगलगायी एका रात्रीत वाफा साफ करतात. मेटाल्डिहाइडच्या जुन्या निळ्या गोळ्यांवर २०२२ पासून बंदी आहे, शेडमध्ये आधीच्या भाडेकरूचा डबा सापडला तरी वापरू नका. फेरिक फॉस्फेटच्या मिळतात त्या चालतात. माझे सासरे रात्री दहाला टॉर्च आणि चिमटा घेऊन निघायचे, आम्ही त्याला गस्त म्हणायचो.

पश्चिमेचा_वारा

काकूंनी भाजीपाला संपवलाच आहे, मी लॉनवर येतो. भाड्याचं घर असेल तर लॉन खणण्याआधी घरमालकाला किंवा एजंटला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. करारात बहुतेक वेळा बाग आहे तशी परत करायची असं कलम असतं आणि शेवटी डिपॉझिटमधून कापतात. बरेच मालक एका कडेची पट्टी द्यायला तयार होतात, नाही झाले तर लाकडी रेझ्ड बेड (जमिनीवर ठेवलेला मातीभरला चौकोन) नाहीतर ग्रोबॅग (मातीभरली पिशवी, तिच्यातच रोपं लावायची). आप्पांना ग्रोबॅग म्हणजे चेष्टा वाटेल हे मान्य.

दुसरा पर्याय अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पॅरिश कौन्सिलच्या (इथली ग्रामपंचायतच म्हणा) क्लार्कला विचारून ठेवा, शहरात वेटिंग लिस्ट लांबलचक असते पण खेड्यात कधीकधी पटकन मिळते. जुन्या मापाने पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे अडीचशे चौरस मीटर, आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. हे आप्पांना फोनवर सांगा, चेहरा बघण्यासारखा होईल. पूर्ण झेपत नसेल तर अर्धाही देतात.

कोयता मात्र लपवून ठेवा. गंमत नाही करत. आमचे वडील आले होते तेव्हा "कुंपण किती माजलंय, लोक आळशी आहेत का" म्हणत हेज कापायला निघाले, जून महिना, आत ब्लॅकबर्डचं घरटं, पिल्लं चोची वासून बसलेली. शेजारच्या आजीबाई नाईटगाऊनवर धावत आल्या. १९८१ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा गुन्हा आहे, आणि साधारण मार्च ते ऑगस्ट हेजला हात न लावणं हा इथला रिवाज. वडिलांना कायद्याचं काही वाटलं नाही पण पिल्लं बघून कोयता खाली ठेवला, आणि त्यानंतर त्या आजीबाई नि ते रोज कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलायचे. ते मराठीत, त्या इंग्लिशमध्ये. विषय फक्त टोमॅटो.

अजून एक, जून-जुलैत सफरचंदाची सुपारीएवढी फळं आपोआप गळतात. झाडाला रोग नाही, झेपतील तेवढीच ठेवून बाकीची ते स्वतःच टाकतं. औषध फवारायला निघतील, थांबवा.

गावंढळ_लंडनकर

सगळे छान छान सांगतायत म्हणून मी जरा कडू बोलतो. आमचे आई-वडील आले तेव्हा आम्ही सफकमध्ये असेच शेतांच्या मधोमध राहायचो. पहिले पंधरा दिवस हवा किती शुद्ध, फुलं किती सुंदर. मग आई खिडकीत बसून रस्ता बघायला लागली आणि रस्त्यावर कोणी नाही! बाग ही दोन-तीन तासांची करमणूक आहे, आणि उजेड असतो सोळा-सतरा तास. पहाटे पाचच्या आत उजाडतं, सूर्य मावळायला साडेनऊ आणि अंधार पडायला त्याच्याही पुढे. आईचा देवासमोर दिवा लावायचा वेळच ठरेना, संध्याकाळ म्हणायची कशाला? शेवटी आम्ही घड्याळाचे सात ही तिन्हीसांज असं ठरवलं. बेडरूमला जाड काळे पडदे लावा, नाहीतर दोघंही पाचला उठून स्वयंपाकघरात भांडी वाजवतील.

सलग अडीच महिने खेड्यात ठेवू नका. मधे आठवडाभर बर्मिंगहॅमला किंवा लेस्टरला कोणा ओळखीच्यांकडे पाठवा, देऊळ, भाजी मंडई, चार माणसं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, जमलं तर तिथलाही एखादा कार्यक्रम बघून तारखा ठरवा. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स नीट काढा, आधीपासूनच्या आजारांसकट, व्हिजिटरला हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं तर बिल येतं आणि ते दीडपटीने लावतात. तुझ्या नवऱ्याला हे माहीत असेलच.

वाटसरू

लंडनकर, कडू आहे पण खरं आहे. तरी रस्त्यावर कोणी नाही याचं कारण असंही आहे की इथली माणसं रस्त्यावरून नाही, शेतातून चालतात. मेथी, तुमच्या घरापासून पब्लिक फुटपाथ नक्की जात असणार, पिवळा बाण दिसला की पायवाट, निळा असेल तर घोड्यांनाही परवानगी. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा नकाशा घे, त्यात प्रत्येक पायवाट हिरव्या तुटक रेघेने दाखवलेली असते. दुसऱ्याच्या उभ्या पिकातून हक्काने चालत जायचं हे शेतकरी माणसाला आधी पचत नाही, माझे मामा बांधावरच अडून बसले होते, "मालकाला इचारल्याबिगर न्हाई". पण वाट कायद्याने सगळ्यांची, पीक असलं तरी शेतकऱ्याने ती मोकळी ठेवायची असते. फक्त गेट असेल तसं लावायचं, आणि वासरांसकट गाई असतील तर लांबून जायचं. पायात पूर्ण पँट हवी, वाटेच्या कडेला नेटल असतात, आपल्या खाजकुयलीच्या तोंडात मारतील अशा.

दुसरं म्हणजे नॅशनल गार्डन स्कीम. लोक आपली खाजगी बाग एखाद्या दिवशी सगळ्यांसाठी उघडतात, थोडं तिकीट, चहा-केक, आणि पैसे नर्सिंगच्या धर्मादाय संस्थांना जातात. १९२७ पासून चालू आहे. मे-जूनमध्ये रस्त्याकडेला पिवळे बोर्ड लागतात. आईंना दुसऱ्याच्या घराच्या मागे काय आहे ते बघायला मिळतं, ह्यापेक्षा चांगली करमणूक मला माहीत नाही. बागेची मालकीणबाई स्वतः उभी असते आणि कुठल्याही रोपाबद्दल विचारलं की वीस मिनिटं सुटत नाही.

आणि व्हिलेज हॉलच्या नोटिस बोर्डाचा फोटो काढून आण, फेटची, म्हणजे गावच्या छोट्या जत्रेची, तारीख असेल. तिथे केकच्या टेबलाला कायम माल कमी पडतो. माझ्या आईने शंकरपाळे दिले होते, "इंडियन बिस्किट" म्हणून गेले, दुपारच्या आत डबा रिकामा. आधी संयोजकांना विचारून घे आणि गहू, दूध काय काय आहे ते चिठ्ठीवर लिही, ॲलर्जीबद्दल फार काटेकोर असतात.

कोवळी_मेथी

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना खूप धन्यवाद. रुबार्बचं वाचून आधी उठून बाहेर जाऊन बघून आले, खरंच अळूसारखीच दिसतात पानं. घरमालकांना ईमेल टाकलाय, कडेची पट्टी मागितलीय, कुंपणाच्या बाजूची, कारण पलीकडे एक आजोबा रोज काहीतरी लावत असतात.

काकू, एक राहिलंच. आप्पा वालाचं आणि गावठी वांग्याचं बी बरोबर आणतो म्हणतायत. आणि आई पेढे, तूप. चालेल ना?

सॉमरसेटची_काकू

नाही गं. पेरायचं बी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) असल्याशिवाय आणता येत नाही, आणि भारतातून दुधाचे पदार्थही नाही, म्हणजे पेढे, तूप, खवा सगळं आलं. विमानतळावर काढून घेतात. लाडू करायचे तर इथल्या बटरचं तूप कढव, छान होतं. वांग्याची रोपं गार्डन सेंटरमध्ये मिळतात, आत्ताच घे, मे संपता संपता संपून जातात. मसाले, पापड, सुकी चटणी आणू देत की हवी तेवढी.

कोवळी_मेथी

आप्पांनी बी आधीच फडक्यात बांधून बॅगेत टाकलंय आणि वर आईंनी साडी ठेवलीय. हे सांगायचं काम मी नवऱ्याकडे देतेय.