मदत हवी आहे: पाच पोर्ट्रेट, एक खिडकी, फ्लॅश नाही

पहिला_रोल
नमस्कार. फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमात पोर्ट्रेटचा स्वाध्याय आहे. पाच फोटो, मुदत तीन आठवडे. विषय असे: खिडकीच्या प्रकाशातला चेहरा, माणूस त्याच्या कामाच्या जागी, चेहरा न दाखवता केलेलं पोर्ट्रेट, स्वतःचं पोर्ट्रेट, आणि एका चौकटीत दोन माणसं. अटी तीन: माणसं घरातली किंवा शेजारची, फ्लॅश वापरायचा नाही, आणि पाचही फोटो एका मालिकेतले वाटले पाहिजेत.

हाताशी आहे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि एक ट्रायपॉड. अडचणी:
१. खिडकीशेजारी बसवलं की अर्धा चेहरा काळा पडतो.
२. त्वचेवर हिरवट झाक येते.
३. फोकस डोळ्याऐवजी कानावर जातो. (लेन्सचं छिद्र एफ/१.८, शटर १/६० सेकंद, संवेदनशीलता आयएसओ २००, अंतर सुमारे एक मीटर.)
४. आईच्या चष्म्यात अख्खी खिडकी दिसते.
५. बाबा कॅमेरा पाहिला की ताठ होतात.

खिडकीपाशी
पहिल्या दोन अडचणींबद्दल लिहितो. माणसाला बसवण्याआधी रिकामी खुर्ची नीट लावा, निम्मं काम तिथेच होतं.

अर्धा चेहरा काळा पडतो तो खिडकी बरोबर कानाच्या रेषेत आल्यामुळे. प्रकाश ९० अंशांतून येतो आणि नाकाच्या पलीकडे पोचतच नाही. खुर्ची खिडकीच्या मध्यासमोर न ठेवता मागच्या कडेशी सरकवा, म्हणजे खिडकीचा बराचसा भाग माणसाच्या पुढे येईल. मग त्याला मान हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही पलीकडच्या गालावर लक्ष ठेवा. एका ठिकाणी डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. तिथे थांबा.

दुसरं कारण अंतर. खिडकीला चिकटून बसवलं की जवळचा गाल आणि लांबचा गाल यांतला फरक फार वाढतो, आणि भिंतींवरून परतणारा उजेड त्यापुढे फिका पडतो. खुर्ची एक ते सव्वा मीटरवर आणा. प्रकाशाचा स्रोत लहान असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). खिडकी मोठी असल्यामुळे इतक्या जवळ हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण ओघ तोच असतो.

एवढं करूनही सावली जड वाटली तर अंधाऱ्या बाजूला साधारण ६० × ९० सेंमीचा पांढरा थर्माकोल उभा करा, चेहऱ्यापासून ५०-६० सेंमीवर, चौकटीत येणार नाही असा. तो सपाट भिंतीसारखा न धरता थोडा खिडकीकडे तोंड करून धरायचा, नाहीतर परतणारा उजेड चेहऱ्याऐवजी कानावर पडतो. थेट ऊन येत असेल तर काचेवर बटरपेपर किंवा पातळ पांढरा पडदा लावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खिडकी जमिनीपर्यंत असेल किंवा खालची चौकट हनुवटीच्या खाली असेल, तर उजेड खालूनही येतो आणि नाकपुड्या, हनुवटीचा तळ उजळतात. खिडकीचा खालचा भाग गडद चादरीने झाका. उजेड वरून उतरायला लागला की गालाची ठेवण दिसते, आणि बुबुळातला चमकीचा ठिपका वरच्या अर्ध्यात जातो. तो तिथेच शोभतो.

हिरवट रंगाचे संशयित तीन: खोलीतली चालू ट्यूब, समोरची रंगीत भिंत, खिडकीबाहेरची झाडं. घरातले सगळे दिवे आधी बंद करा. खिडकीचा उजेड ५५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपास आणि पिवळट एलईडी २७००-३००० चा, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की कुठलाही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं यासाठीचं रंगाचं सेटिंग) दोन्ही गालांना एकदम बसत नाही. भिंत रंगीत असेल तर ती सावलीच्या बाजूला रंग फेकते. तो थर्माकोलच मध्ये आला की हीही अडचण मिटते. झाडांचा हिरवा मात्र मूळ प्रकाशातच असतो. त्यासाठी चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून एक फोटो काढा, सगळं रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या आणि नंतर त्या कार्डावरून रंग जुळवा. उन्हाची जागा बदलली की कार्डाचा फोटो पुन्हा घ्यायचा.

तिपाई
फोकसबद्दल. एपीएस-सीवर ५० मिमी, एफ/१.८, अंतर एक मीटर, म्हणजे स्पष्ट पट्टा (पुढेमागे जेवढं स्पष्ट येतं तेवढं अंतर) जेमतेम पावणेतीन सेंमी. डोळ्यापासून कानापर्यंत त्याहून जास्त अंतर असतं, त्यामुळे तुम्ही किंवा समोरचा किंचित हललात तरी डोळा गेला. दीड मीटरवर गेलात तर एफ/१.८ ला सुमारे ६ सेंमी, एफ/२.८ ला साडेनऊ, एफ/४ ला साडेतेरा सेंमी मिळतात. मी एफ/२.८ सुचवेन.

मागे सरकण्याचा दुसरा फायदा नाकाला. जवळून काढल्यावर नाक मोठं दिसतं त्याला लेन्सची फोकल लेंग्थ (१८, ५० मिमी हे आकडे) नव्हे, अंतर जबाबदार असतं. चेहऱ्याच्या पोर्ट्रेटसाठी दीड ते दोन मीटर ठीक.

फोकस बिंदू एकच ठेवा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर न्या. मधल्या बिंदूने फोकस धरून मग चौकट हलवू नका. कॅमेरा फिरला की फोकसचं प्रतलही फिरतं, आणि एफ/१.८ ला तेवढ्यानेही डोळा सुटतो. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तोच वापरा.

१/६० ला बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि पापण्या हलतात. मोठ्यांसाठी १/१२५, लहान मुलांसाठी १/२५०. तुमच्या मूळ आकड्यांवरून एफ/२.८ आणि १/१२५ वर आलात तर आयएसओ साधारण १००० लागेल. त्याला घाबरू नका. आयएसओ ४०० वर काळा आलेला फोटो संगणकावर उजळला तर १००० वर नीट काढलेल्यापेक्षा दाणे जास्त दिसतात.

आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर डोळे झाकून विश्वास नको. मागे काळा पडदा असेल तर कॅमेरा चेहरा जळेपर्यंत उजळ करतो, पांढरी भिंत असेल तर चेहरा काळवंडतो. काळ्यासाठी उणे एक, पांढऱ्यासाठी अधिक एक स्टॉपपासून सुरुवात करून हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) पाहा.

चष्म्याची_काच
आईंना चष्मा काढायला सांगू नका. नाकावरचे वळ दिसतात, नजर वेगळी होते, आणि रोज चष्म्यात दिसणारी व्यक्ती त्याशिवाय ओळखीची वाटत नाही.

काच हा आरसाच आहे: उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून तो परतून लेन्सकडे येणार नाही अशी मांडणी करायची. या क्रमाने करून पाहा. चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंमी वर उचला, म्हणजे काचा खाली झुकतील. एवढा बदल फोटोत कळत नाही. मग हनुवटी थोडी खाली. तरीही खिडकी दिसत असेल तर मान खिडकीपासून पाच-दहा अंश दूर. शेवटचा उपाय कॅमेरा एक पाऊल बाजूला सरकवण्याचा. या क्रमाला कारण आहे: पहिल्या दोन गोष्टींनी प्रकाशयोजना बिघडत नाही, पुढच्या दोन्हींनी बदलते.

पोलरायझर फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) थोडी मदत करतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो. काचेवरचा परावर्तित उजेड तो सर्वांत जास्त अडवतो ५५-५६ अंशांच्या आसपास, आणि समोरून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये तो कोन सहसा जुळत नाही. खिडकीची एक बारीक पट्टी काचेच्या कोपऱ्यात राहिली तर राहू द्या, बुबुळ मोकळं असलं की झालं.

पहिला_रोल
खूप आभार. खुर्ची मागे सरकवल्यावर त्रिकोण दिसला, आणि चष्म्याच्या काड्या उचलल्यावर एक काच पूर्ण साफ झाली. दुसऱ्या काचेत कडेला पट्टी आहे, ती ठेवतो. आता बाबा, दोघांचा फोटो आणि स्वतःचं पोर्ट्रेट यांत अडलोय.

सावलीची_रेघ
बाबा ताठ होतात कारण त्यांच्या हातांना काही काम नाही. "हसा", "नैसर्गिक राहा" असं म्हटलं की माणूस आणखी आखडतो. हातात रोजचं काहीतरी द्या: घड्याळाचा पट्टा, सुईदोरा, हत्यार पुसायचं फडकं. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉडवर लावून तुम्ही बाजूला उभं राहून बोला, म्हणजे ते लेन्सशी नव्हे, तुमच्याशी बोलतील. खांदे वर चढले असतील तर श्वास पूर्ण सोडायला सांगा आणि सोडून झाल्यावर लगेच फोटो घ्या. त्या क्षणी खांदे खाली आलेले असतात, तोंड सैल असतं. वीस मिनिटांत थांबा.

त्यांनाच कामाच्या जागी घेणार असाल तर किट लेन्स २४ मिमीच्या आसपास, एफ/५.६. माणूस चौकटीच्या कडेला नको, तिथे डोकं ताणलं जातं. मागे खिडकी आली तर एकतर चेहरा काळा नाहीतर बाहेरचं सगळं पांढरं. त्याला उत्तम वेळ सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं: बाहेरचा उजेड उतरून घरातल्या दिव्याच्या जवळ येतो. फक्त दिवा एलईडी असेल आणि फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करा. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

दोघांच्या फोटोत एक खिडकीजवळ आणि दुसरा लांब बसला तर दुसरा काळवंडतो. दोघांनाही खिडकीपासून सारख्या अंतरावर आणा, म्हणजे दोघं खिडकीकडे तोंड करून आणि तुम्ही खिडकीच्या कडेला. दोन मीटरवर ५० मिमी आणि एफ/५.६ ला सुमारे ३४ सेंमी पट्टा मिळतो, एक डोकं थोडं मागे असलं तरी चालतं. छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये दोन फळ्यांचा अरुंद कोपरा करून त्यात माणसं उभी केली होती. खोलीच्या रिकाम्या कोपऱ्यात हे जमतं: टेकायला भिंत मिळाली की हातापायांचं काय करायचं हा प्रश्नच उरत नाही.

तिपाई
स्वतःच्या पोर्ट्रेटमधली नेहमीची चूक: दहा सेकंदांचा टायमर लावून बटण दाबलं की बहुतेक कॅमेरे तेव्हाच फोकस घेतात, आणि तेव्हा खुर्ची रिकामी असते. खुर्चीत झाडूची दांडी उभी करा, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, तिच्यावर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा. एफ/५.६ ला दीड मीटरवर १९ सेंमी मिळतात, बसताना पुढेमागे झालात तरी निभावतं.

खिडकीपाशी
चेहऱ्याविना पोर्ट्रेटसाठी नुसते हात काढू नका. हात कुणाचेही असू शकतात. ज्या वस्तूवर त्या माणसाच्या वापराची खूण आहे ती सोबत घ्या: एका बाजूला झिजलेली कात्रीची मूठ आणि त्याच जागी अंगठ्यावर पडलेला घट्टा. उजेड अगदी बाजूने, एफ/८, थर्माकोल काढून टाका.

मालिकेसाठी एक गोष्ट कायम ठेवा. छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ ते २०२२ दरवर्षी पत्नी आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो काढला, बहिणींचा डावीकडून उजवीकडे क्रम तोच ठेवून. तुमच्यासाठी ती गोष्ट म्हणजे उजेडाची बाजू: पाचही फोटोंत डावीकडूनच. "सगळे कृष्णधवल करा" असं कुणी सुचवेल, पण नुसत्या त्याने मालिका होत नाही. आणि घराच्या मर्यादेबद्दल वाईट वाटून घेऊ नका. छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांना १८६३ मध्ये लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीची डार्करूम. समोर बसायला घरचे, घरात काम करणारे आणि शेजारी. त्या शेजाऱ्यांत कवी टेनिसनही होते.

करडा_पत्ता
छापून द्यायचे असतील तर एवढंच: २० × ३० सेंमीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २३६२ × ३५४३ पिक्सेल पुरतात, म्हणजे तुमच्याकडे कापायला भरपूर जागा आहे. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून सावलीचा गाल पुन्हा तपासा, कारण कागदावर तो आणखी गडद येतो. आधी पाचही फोटोंच्या छोट्या प्रती काढा आणि दिवसा खिडकीजवळ शेजारी शेजारी मांडून पाहा.