मानसोपचाराची फाईल दिसली की भावाची पोटदुखी कोणी ऐकूनच घेत नाही – काय करावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न धाकट्या भावाबद्दल आहे. वय ३८. विशीतच स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. दोन औषधांनी काही फरक पडला नाही म्हणून डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं आणि त्यावर तो खरोखर सावरला. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, मालाची वही तोच लिहितो. क्लोझापिनवर पांढऱ्या पेशींची तपासणी सतत करावी लागते. सुरुवातीला दर आठवड्याला असायची, आता महिन्याला. लॅबमध्ये तो एकटाच जाऊन येतो. म्हणजे डोक्याच्या आजाराची आत्ता काही तक्रार नाही. तक्रार पोटाची आहे.

दिवाळीपासून पोट साफ होत नाही. तीन-तीन, चार-चार दिवस जात नाही, पोट फुगतं, दुखतं. तालुक्याच्या एका फिजिशियनकडे घेऊन गेले. केस पेपरबरोबर भावाची जाड फाईल ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, फाईल मिटली आणि मला विचारलं, "याला कधीपासून होतंय?" भाऊ समोरच स्टुलावर बसला होता. तोच म्हणाला, "सर, आज चौथा दिवस." डॉक्टरांनी परत माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली तेव्हा कुठे कागदावर लिहिलं. पोटाला हात लावला नाही. "हे टेन्शनचं असतं, यांच्या मानसोपचारवाल्यांनाच दाखवा," म्हणून मोकळे झाले. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, मला पोट नाहीये का?"

आमचे मानसोपचारतज्ज्ञ माणूस म्हणून चांगले आहेत, पण आमच्या गावात महिन्यातून एकदाच येतात. फोनवर ते म्हणाले, "पोट फिजिशियनलाच दाखवा, मी इथून काय तपासणार?" तेही बरोबरच. पण मग जायचं कुठे?

पुढे एका रात्री दुखणं फारच वाढलं म्हणून कॅज्युअल्टीत नेलं. केस पेपरवर सगळ्यात वर "साइक पेशंट" लिहिलं गेलं. मुरड्यावर देतात ते हायोसिनचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते वैतागले. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल आधीच मंदावते, त्यात हे इंजेक्शन ती आणखी मंदावणार.

हे सगळं पाहून आईने ठरवलं की यापुढे फाईल घरीच ठेवायची, नुसतं पोटाचं सांगायचं. तिला दुसरीही काळजी आहे. दवाखान्यातला कंपाउंडर आमच्याच आळीतला, आणि चुलत बहिणीचं सध्या बघताहेत. तर मध्ये भावाला लघवीला जळजळ होत होती तेव्हा आई त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, क्लोझापिनबद्दल अक्षर काढलं नाही. त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. त्यांची काही चूक नाही, त्यांना माहीतच नव्हतं. पण त्या गोळ्यांनी भाऊ दिवसभर झापडल्यासारखा, तोंडातून लाळ, उठला की तोल जातोय. नंतर कळलं की या अँटिबायोटिकने क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आता इकडे आड तिकडे विहीर. फाईल दाखवली की ऐकत नाहीत, लपवली की भलतंच औषध मिळतं. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, नवीन डॉक्टरांसमोर हे कसं मांडायचं? उद्या ऑपरेशनची वेळ आली तर संमतीच्या कागदावर तो स्वतः सही करू शकतो का? मागे एका ठिकाणी साध्या एंडोस्कोपीलासुद्धा "नातेवाईकच सही करतील" म्हणाले होते.

"बाहेरचं काही आहे का बघा" असे सल्ले कृपया नकोत. ते देणारे घरात पुरेसे आहेत.

– धाकट्याची_ताई

प्रतिसाद

रानवारा: ताई, लपवू मात्र नका. बायको लिथियमवर आहे, तेही मानसोपचाराचंच औषध. तिच्या गुडघ्यासाठी आम्ही आयब्युप्रोफेन आणलं, दुकानदाराला काही सांगितलं नव्हतं. हात थरथरायला लागले तेव्हा रक्त तपासलं, लिथियम वाढलेलं. तेव्हापासून तिच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घेऊन ठेवलंय. आजार एका ओळीत, बाकी सगळं औषधांबद्दल. जाड फाईल पुढे करायचीच नाही. पत्राने फरक पडतो.

आजीबाईंचा_बटवा: रात्री कोमट पाण्यातून इसबगोल द्या, वर पपई. आमच्या घरी सगळ्यांना लागू पडलंय.

ओपीडी_नंबर_१२: मी एमडी मेडिसिन आहे. वरच्या इसबगोलबद्दल आधी बोलतो. क्लोझापिनच्या बद्धकोष्ठतेत इसबगोल सहसा टाळतात. आतडं पुढे ढकलतच नसेल तर फुगलेला चोथा तिथेच साठतो. मल मऊ करणारं आणि आतड्याला चालना देणारं औषध लागतं, तेही रोज. कोणतं आणि किती ते तपासून ठरेल.

हा दुष्परिणाम गॅस म्हणून सोडून देण्यातला नाही. आतडं पूर्ण थांबून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. पोट ताठ झालं, उलट्या सुरू झाल्या, वारासुद्धा सरत नाही असं झालं तर त्याच दिवशी सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या आणि पोटाचा एक्स-रे काढायला सांगा. पण घाबरून क्लोझापिन परस्पर बंद करू नका. सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम देता येत नाही, अगदी थोड्यापासून पुन्हा चढवावा लागतो. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवतात तेव्हा नेमकं हेच राहून जातं, म्हणून हे वाक्य पत्रात असू द्या. भाऊ सिगारेट-बिडी ओढत असेल तर तेही लिहून घ्या. ॲडमिट झाल्यावर ती सुटते आणि त्याच डोसवर औषधाची पातळी वाढते. वजन, साखर, कोलेस्टेरॉल वरचेवर बघत राहा, या औषधाने तिन्ही वाढू शकतात.

आमच्या लोकांबद्दल. एमबीबीएसला मानसोपचाराची वेगळी परीक्षासुद्धा नसते, मेडिसिनच्या पेपरातच ते उरकतात. त्यात ओपीडीची रांग. निदान वाचलं की बाकी सगळ्या तक्रारी त्याच कप्प्यात टाकणं सोपं पडतं. हे समर्थन नाही. म्हणून सांगतो, आत गेल्यावर आजाराचं नाव आधी घेऊच नका. भावालाच बोलू द्या: "चार दिवस शौचाला झालेली नाही, पोट फुगलंय, उलटी नाही." मग, "मी क्लोझापिन घेतो, त्याने आतडी थांबू शकतात असं माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय," आणि पत्र पुढे. तुम्ही मागे उभ्या राहा. "तपासून बघता का?" हे मात्र स्पष्ट विचारा.

काळा_कोट: सहीबद्दल. सज्ञान माणूस स्वतःच्या ऑपरेशनची संमती स्वतः देतो. केवळ मानसिक आजाराचं निदान आहे म्हणून तो हक्क जात नाही. काय करणार, धोका काय, हे त्याला समजत असेल आणि तो निर्णय सांगू शकत असेल तर सही त्याचीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ मध्ये मानसिक आजार असलेल्यांना सर्व आरोग्यसेवांमध्ये शारीरिक आजाराच्या रुग्णांच्या बरोबरीने वागवायचं असं आहे. विम्याची समानताही त्याच कलमात आहे. शिवाय कलम १४ खाली मानसोपचारापुरता तो स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस) नेमू शकतो, साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. तो कोणाला नेमतो हे त्याला ठरवू द्या, तुम्हालाच नेमेल असं धरून चालू नका. :)

धाकट्याची_ताई: सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा भावाला वाचून दाखवला. प्रतिनिधी म्हणून त्याला काका हवेत, मी फार प्रश्न विचारते म्हणे! आमच्या डॉक्टरांना फोन झाला, ते पत्र द्यायला तयार आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मागितलंय. आईला कंपाउंडरची धास्ती आहेच, म्हणून दुसऱ्या गावातला दवाखाना बघू.

@ओपीडी_नंबर_१२, तो दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो. कमी करायच्या म्हणतोय. तर आधी आमच्या डॉक्टरांना कळवून, रक्तातली पातळी तपासून मग कमी करायच्या, की हळूहळू केल्या तर तशा चालतील?

आणि सातारा-कराड बाजूला रुग्णाशी थेट बोलणारे फिजिशियन कोणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नावं इथे उघड नकोत.