शिक्षकाच्या पदरमोडीतून वर्गातलं वाचनालय : तुमचे अनुभव

रेघोटी :
काल कपाट आवरताना वर्गवाचनालयाची जुनी देवघेव वही हाती लागली आणि आवरणं तिथेच थांबलं. पेन्सिलीत मुलांची नावं, पुढे पुस्तक, त्यापुढे 'परत दिले'चा रकाना. एका मुलीने एकच पुस्तक वर्षभर नेलंय. परत करायच्या दिवशीच पुन्हा तिची सही, मध्ये दुसऱ्या कुणाचं नाव येऊ नये म्हणून! काही नावांपुढचा रकाना कोरा आहे. ती पुस्तकं परत आलीच नाहीत.

सुरुवात माझ्या घरच्या पुस्तकांनी झाली. मग पगार झाला की एखादं नवीन, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून चारपाच. शाळेत मोठं कपाट होतं, पण कुलूपबंद, आणि किल्ली मागायला मुलं कचरतात. म्हणून आमच्या वर्गात कुलूप नाही, हे आधीच ठरलं. वर्गवाचनालय पैशावाचून अडतं म्हणतात. मला वाटतं ते जास्त करून पुस्तक हरवेल या धास्तीने अडतं. जे हरवलं तर जीव हळहळेल ते घरी ठेवा, बाकीची मोकळी सोडा.

तुम्ही कुठून आणली, कशी टिकवली, कोणती पुस्तकं धूळ खात पडली, सगळं लिहा.

खडूमाखली :
आम्ही दोघी शेजारशेजारच्या वर्गांवर. दर महिन्याला पेट्यांची अदलाबदल. खर्च काही नाही आणि मुलांच्या लेखी नवीन पुस्तकं आली! तिसऱ्या वर्गाच्या बाईही सामील झाल्या तेव्हा तर पेटीची वाट बघायला लागली. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा मात्र, नाहीतर कुणाचं काय ते कळत नाही. मधली सुट्टी संपली, नंतर येते.

पांथस्थ :
छान विषय. वाचतोय.

गणितवाले सर :
रेघोटीताई, तुमच्या कुलपावरून ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची आठवण झाली. आधी गणित शिकवायचे (म्हणून आम्हाला जास्त जवळचे), १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मग प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय वाढतं राहतं. एका फळीलाही पाचही लागू पडतात. मी तिसऱ्याच्या मागे लागतो. एखादं पुस्तक कुणीच नेत नसेल तर तास संपता संपता त्याची दोन पानं वाचून दाखवतो, ऐन रंगात घंटा होते. दुसऱ्या दिवशी पुस्तक जागेवर नसतं.

शुभ्रा_ :
सर, घंटा वाजवणाऱ्या काकांशी तुमचं आधीच ठरलेलं असणार :)

झिपरी :
देणगीबद्दल बोला कुणीतरी. 'जुनी पुस्तकं द्या' म्हटलं की गाईडं, वापरलेल्या डायऱ्या, अर्धवट सोडवलेल्या व्यवसायमाला, पोतंभर. आता मी मागतानाच लिहिते, 'तुमच्या मुलाला आवडलेलं, पण आता त्याला लहान झालेलं पुस्तक द्या.' लहान झालेला सदरा धाकट्या भावंडाला देतात तसं. लोकांना लगेच समजतं आणि पुस्तकं खरंच चांगली येतात.

कोरडा_पाऊस :
वाढदिवसाला वर्गाला एक पुस्तक भेट, हे बऱ्याच ठिकाणी करतात. मला ते पटत नाही. ज्याच्या घरी जमणार नाही ते मूल त्या दिवशी गैरहजर राहतं. पहिल्या पानावर देणाऱ्याचं नाव तर अजिबात नको.

झिपरी :
@कोरडा_पाऊस अगदी खरं. आमच्याकडे दाराशी खोकं आहे, कोण काय टाकतं कुणी बघत नाही. वाढदिवसाच्या मुलाने त्या दिवशी वर्गाला काय वाचून दाखवायचं ते निवडायचं. त्यात कुणाचाच खिसा मध्ये येत नाही.

माऊची_आई :
मी शिक्षिका नाही, तरी विचारते. आमची दीड वर्षाची पानं खाते. अक्षरशः. काय करू?

शुभ्रा_ :
@माऊची_आई जाड पुठ्ठ्याची किंवा कापडाची पुस्तकं. वय आहे ते, थांबेल.

माऊची_आई :
पुठ्ठासुद्धा कुरतडलाय बाई. कापडाची बघते.

जुनं_पान :
एका खोक्यात सामान्यज्ञानाचं पुस्तक आलं, त्यात नऊ ग्रह. २००६मध्ये प्लूटोला बटुग्रह ठरवलं, त्याआधीचं. काढून टाकायला निघालो तेवढ्यात एका मुलाने ओळखलं, 'सर, यात चूक आहे.' ठेवलं मग. वर चिठ्ठी लावली, 'या पुस्तकातल्या शिळ्या झालेल्या गोष्टी शोधा.' एरवी कुणी ढुंकून बघितलं नसतं, त्याच्यासाठी रांग लागली.

गणितवाले सर :
@जुनं_पान झकास! तिसरा नियम.

रेघोटी :
जुनं_पान, हे फार आवडलं. पण सगळी जुनी पुस्तकं अशी तरत नाहीत हो. पानं सुटलेली, अक्षर बारीक, चित्रं पुसट, अशी मी दरवर्षी काढते. फळी खच्चून भरलेली असली की चांगली दहा पुस्तकं त्यात गुदमरतात. काढताना जिवावर येतं, विशेषतः स्वतःच्या पैशाची असली की. तरी काढायचीच.

सुईदोरा :
मांडणीवर लिहिते, त्यावर कुणी पैसे घालत बसू नये. पुस्तकाचा कणा दिसण्यापेक्षा मुखपृष्ठ दिसलं तर मूल उचलतं. बांधकामातून उरलेला प्लास्टिकचा पाइप उभा चिरून भिंतीला आडवा लावला, मुलाच्या छातीच्या उंचीवर. त्यात पुस्तकं तोंड पुढे करून बसतात. तेही नसेल तर दोरी आणि कपड्यांचे चिमटे, पातळ पुस्तकांना पुरतात. चिरलेल्या कडा पॉलिशपेपरने नीट घासा, हाताला लागतात.

वर्गवारी मुलांनीच केली. ग्रंथालयांत पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युईच्या पद्धतीला (१८७६ची) दहा मुख्य वर्ग, आमच्याकडे 'भीतीची', 'प्राण्यांची', 'हसू येणारी', 'खऱ्या माणसांची' आणि 'एका बैठकीत संपणारी'. रंगीत ठिपके चिकटवले की पहिलीतलं पोरही पुस्तक परत जागेवर ठेवतं.

पांथस्थ :
'एका बैठकीत संपणारी' मला पण हवीत.

कुंपणापलीकडे :
आमचा बहुवर्ग, एका खोलीत तीन इयत्ता. पैसे नाहीतच म्हणा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून गोष्टी उतरवून घेते. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५मध्ये सुरू केलेलं आहे, मराठीतही भरपूर आहेत. परवाना खुला, श्रेय दिलं की छापा, भाषांतर करा, बदला. काळ्या-पांढऱ्यात छापते आणि रंग मुलं भरतात. मोठ्या मुलांनी आपल्या बोलीत लिहून घेतलेल्या गोष्टी धाकट्यांना जास्त आवडतात. चित्रातल्या बाईला आपल्या आजीसारखं बोलताना ऐकून एक मुलगा उठून पुस्तकाजवळ गेला आणि त्या बाईवर बोट ठेवून उभा राहिला.

कोरडा_पाऊस :
बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९०मध्ये लिहिलंय, मुलांना पुस्तकात आरसेही हवेत (स्वतःसारखी माणसं दिसायला) आणि खिडक्याही (दुसऱ्यांचं जग दिसायला). स्वस्त ढिगात खिडक्या पुष्कळ मिळतात, आरसे शोधावे लागतात. नाहीतर असे घडवावे लागतात. कुंपणापलीकडे, तुमचं काम मोठं आहे.

आणि सगळ्यांनाच, आख्खी पुस्तकं झेरॉक्स करून ठेवू नका. हक्क संपलेलं साहित्य (लेखकाच्या मृत्यूनंतर देशागणिक ५०, ६०, ७० वर्षं) आणि खुल्या परवान्याचं मिळून बरंच होतं.

खडूमाखली :
आले परत. कसर लागलीय पेटीतल्या पुस्तकांना. काय करता?

जुनं_पान :
डांबरगोळ्या.

औषधवाली :
@जुनं_पान मुलांच्या वर्गात नको, कळकळीने सांगते. बऱ्याच डांबरगोळ्यांत नॅप्थॅलीन असतं. जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, आणि लहान मूल गोळी म्हणून तोंडात घालतं ते वेगळंच. पुस्तकं हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पुस्तकांवर पाणी धरतं. आणि पेटी भिंतीला चिकटून ठेवू नका, ओल असेल तर पुन्हा लागेल.

जुनं_पान :
हे माहीत नव्हतं. उद्याच काढतो.

खडूमाखली :
धन्यवाद ताई. फ्रीझर रिकामा करायला घरच्यांची परवानगी काढते.

रेघोटी :
फाटलेल्यांबद्दल माझंही एक. साधी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो. पातळ कागदाची पट्टी आणि खळ, पान वर्षानुवर्षं टिकतं. शनिवारी आमचा 'पुस्तकांचा दवाखाना' असतो. ज्याने स्वतः पान जोडलंय तो पुस्तक आपणहून जपून हाताळतो, मला सांगावं लागत नाही.

शुभ्रा_ :
दवाखान्यात माऊची_आईंच्या पुस्तकांना भरती करून घ्या.

माऊची_आई :
हाहा. कोरे कागद पण फस्त केलेत, त्यांचं काय!

कुंपणापलीकडे :
सुईदोरा, तुमच्या नावावरून विचारते. मुलांनी छापलेल्या पानांची पुस्तकं शिवायला लांब हाताचा स्टेपलर नाही माझ्याकडे. पिना उघडून बोटाला लागतात त्याही.

सुईदोरा :
स्टेपलर लागतच नाही. सगळी पानं एकात एक घालून दुमडा, घडीवर टोच्याने तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची. वरच्या भोकातून आत. आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, मग पुन्हा मधल्यातून आत. आत दोन टोकं येतात, ती मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. जाड दोरा घ्या, मेण लावलेला असेल तर उत्तम. टोच्या तेवढा तुमच्या हातात ठेवा, शिवण चौथीची मुलं सहज करतात.