उभं छोटं कॅबिनेट: हवेला वाट हवी की हाताला जागा?

घोडबंदरकर
कासारवडवलीला आमचं वन बीएचके आहे. कॉम्प्युटरचं टेबल आणि मुलीच्या अभ्यासाचं टेबल एकच. जुन्या कॅबिनेटने, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसतात त्या खोक्याने, त्यातली अर्धी जागा अडवली होती, म्हणून गेल्या महिन्यात सगळं सामान एका उभ्या छोट्या कॅबिनेटमध्ये हलवलं. ते वीतभर लांब-रुंद जागेत उभं राहतं.

आतली मांडणी सांगतो. मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात ती मुख्य पाटी) मिनी आयटीएक्स मापाचा, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा, आणि नव्वद अंशांत वळवून बसवलेला. त्यामुळे मॉनिटर आणि यूएसबीची तोंडं मागे नसून माथ्यावर आहेत. ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारा, सगळ्यात जास्त तापणारा भाग) मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून उभं, रायझर केबलने, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या जोडपट्टीने जोडलेलं. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लहान, एसएफएक्स मापाचा. हवा तळातून आत येते आणि माथ्यावरच्या जाळीतून बाहेर जाते. गावच्या स्वयंपाकघरातल्या धुराड्यासारखंच.

जुन्यात कार्डाचं टोक दोन वर्षांत खाली झुकलं होतं. आता ते सरळ लोंबतंय, ते ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटवर ताण नाही. पंखे तेच, खोलीत ३२ अंश. तेव्हा कार्डाचं तापमान ८१ अंशांना जायचं, आता ७४ ला थांबतं. लहान घरासाठी हीच मांडणी योग्य, असं माझं ठाम मत आहे. तरी दुकानात गेलं की मोठी खोकीच का पुढे करतात?

ऐरोलीकर
सात अंश उतरले ते खरे असतील, पण श्रेय धुराड्याला देऊ नका. पंखा फिरत असताना गरम हवेच्या आपोआप वर जाण्याचा वाटा अगदी थोडा उरतो. तुमच्या कार्डाला आता जाळीतून थेट बाहेरची हवा मिळते, फरक त्याने पडलाय.

कार्डाच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या, पट्ट्या एकदा नीट बघा. बहुतेक कार्डांत त्या लांबीला आडव्या असतात, म्हणजे गरम हवा दोन्ही लांब कडांनी बाहेर पडते. कार्ड उभं लटकवलं की त्या कडा डाव्या-उजव्या होतात. हवा वर जायच्या ऐवजी बाजूच्या पत्र्यावर आपटते. २०२० च्या एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेमिंग कन्सोलमध्ये हीच उभी मांडणी उत्तम चालते, कारण तिथे हीटसिंक, दोन भागांतला मदरबोर्ड आणि माथ्यावरचा एकच पंखा हे सगळं एकमेकांसाठी घडवलेलं आहे. आपण बाजारातून आणलेलं कार्ड आडव्या कॅबिनेटच्या हिशेबाने बनलेलं असतं.

वाशीचा मेकॅनिक
पंधरा वर्षं मशीन उघडतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

गेल्या पावसाळ्यात नेरूळच्या एका गिऱ्हाईकाचं असंच उभं कॅबिनेट आलं. रॅमची (मेमरीची) एक पट्टी बदलायची होती. मोठ्या कॅबिनेटमध्ये पाच मिनिटांचं काम. इथे आधी माथ्याचं झाकण, मग दोन्ही बाजू, मग प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा रेडिएटर, मग एसएमपीएस अडकवलेली पट्टी, एवढं काढल्यावर रॅम दिसली. मदरबोर्डला वीज देणारी चोवीस पिनांची केबल इतकी घट्ट दुमडलेली की तिची कळ दाबायला नखसुद्धा जाईना. शेवटी प्लास्टिकच्या पट्टीने ढकलून सोडवली. परत जोडताना रायझर केसभर तिरका बसला आणि स्क्रीन काळीच. दीड तास गेला.

रायझर ही लहानसहान गोष्ट नाही. २०२१ मध्ये एनझेडएक्सटी या कंपनीला एच१ हे उभं कॅबिनेट परत मागवावं लागलं होतं. रायझर चासीला (कॅबिनेटच्या सांगाड्याला) पक्का करणाऱ्या दोन स्क्रूंमुळे त्याच्या बोर्डात शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. जोडणीत एक तुकडा वाढला की बिघडायची जागाही एक वाढते.

आणि धूळ! घोडबंदरला मेट्रोच्या कामाने काय धूळ उडते ते तुम्हाला मी सांगायला नको. तळाचा फिल्टर महिन्यात नमद्यासारखा होतो, आणि तो काढायला अख्खं मशीन आडवं करावं लागतं.

कळवेकरीण
मेकॅनिकदादा, हा दोष त्या एका कॅबिनेटचा, मांडणीचा कशाला? माझ्याकडच्या उभ्या कॅबिनेटचा फिल्टर ड्रॉवरसारखा पुढून ओढता येतो. दर रविवारी नळाखाली धरते, वाळवते, परत सरकवते. दिवसभर व्हिडिओ एडिटिंग चालतं, चौथं वर्ष सुरू आहे.

मला खटकतात ती माथ्यावरची तोंडं. जुलैत खिडकीतून तुषार येतात तेव्हा जीव वर-खाली होतो. वायरीही झाडाच्या फांद्यांसारख्या वरून बाहेर येतात. ज्यांचं टेबल खिडकीला लागून आहे त्यांनी ही मांडणी घेऊच नये.

घोडबंदरकर
ऐरोलीकर, तुमचं वाचून काल रात्री उदबत्ती पेटवून कॅबिनेटच्या बाजूला धरली. कार्ड गरम झालं होतं. धूर वर गेला नाही, बाजूच्या जाळीपाशी बाहेर ढकलला गेला, भिंतीला लागून खाली उतरला आणि तळाच्या पंख्याने परत आत ओढला. म्हणजे गरम हवाच फिरून आत येत होती. भिंतीपासून चार बोटांवर होतं ते वीतभर पुढे ओढलं, तर कार्ड ७१ वर आलं. पट्ट्यांचं तुमचं म्हणणं मान्य.

पण मोठं खोकं परत आणणार नाही. मुलीची वही आता टेबलावर पूर्ण उघडते, आणि माझ्या हिशेबात ते तीन अंशांपेक्षा मोठं आहे. मेकॅनिकदादा, रॅम दर महिन्याला कोण बदलतं?

वाशीचा मेकॅनिक
तुम्ही नाही बदलत, पण एसएमपीएस गेला की माझ्याकडेच याल ना? छोटंच हवं असेल तर कूलर मास्टर कंपनीच्या एनआर२०० कॅबिनेटसारखं बघा. आकारमान १८ लिटरच्या आसपास आहे, मदरबोर्ड नेहमीसारखा, कार्ड रायझरशिवाय थेट स्लॉटमध्ये बसतं, आणि बाजू, माथा, पुढचा भाग सगळं हाताने निघतं. टेबलावर थोडी जास्त जागा घेईल, तेवढी सोसा.

घोडबंदरकर
रविवारी टेप घेऊन टेबल मोजतो. वही उघडून जागा उरली तर वाशीला येतो.