आईला बायपोलर आहे, मुलीचा राग बघून भीती वाटते. हे रक्तातून येतं का?

कृष्णाकाठची

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. माझ्या आईला बायपोलर आहे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी येणारा मानसिक आजार. मी नववीत असताना निदान झालं, त्याआधी घरात सगळे तिचा स्वभावच तसा एवढंच म्हणायचे. आता लिथियम या औषधावर बरीच वर्षं स्थिर आहे, दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायला मीच तिला घेऊन जाते.

प्रश्न माझ्या मुलीबद्दल आहे. साडेचार वर्षांची आहे आणि राग आला की आवरतच नाही, वरणभातावर तूप तिला न विचारता घातलं म्हणून परवा अर्धा तास रडली, आणि नेमक्या जाऊबाई आल्या होत्या त्या बोलून गेल्या, "आजीवर गेलीय गं अगदी." त्यांच्या मनात काही नसेल पण मला रात्रभर झोप नाही. नवरा म्हणतो तू लाडावून ठेवलीयस. आणि मी तिच्यावर ओरडले की मला माझ्यातच आई दिसते.

जीन्सचं किती आणि आमच्या वागण्याचं किती? दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, तोही आता थांबलाय.

शाईचा_डाग

ताई, मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रात एमए केलंय. साडेचार वर्षांच्या मुलीनं तुपावरून रडणं हे बायपोलरचं लक्षण नाही. तो आजार बहुतेक वेळा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो.

आनुवंशिकता आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एरवी शंभरात एकदोघांना बायपोलर होतो, आई किंवा वडिलांना असेल तर शंभरात साधारण दहा मुलांना. म्हणजे नव्वदांना होत नाही, हे कुणी मोठ्यानं सांगत नाही. आणि तुमच्या आईचं नातीशी नातं आणखी एक पायरी लांबचं, तिची शक्यता त्याहून कमी. स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं बघा, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, साधारण निम्म्या वेळाच होतो. जीन्स तेच असून!

स्वभावाचं म्हणाल तर जुळ्यांवरच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकाचा ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक निघतो, पण तुमची मुलगी चाळीस टक्के आजीची असा त्याचा अर्थ होत नाही, तो आकडा एका माणसाला लावताच येत नाही. आणि एकच असा जीन सापडलेला नाही. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या एका अभ्यासातून मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित जीनचं नैराश्याच्या बाबतीत फार नाव झालं होतं, नंतर २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली तेव्हा त्यात काही दम निघाला नाही. त्यामुळे लाळ पाठवून मुलांचा स्वभाव सांगणाऱ्या टेस्टवर कृपया पैसे घालवू नका.

जुळ्यांचा_बाबा

आमची जुळी आहेत, दोन मुलगे, एकसारखे नाहीत. एकच घर, एकच दूध, आणि लग्नाला गेलो की एक थेट स्टेजवर नवरानवरीच्या मधे जाऊन बसतो आणि दुसरा जेवणं होईपर्यंत माझी पँट सोडत नाही. आम्ही याच्यासाठी वेगळं काय केलं, काहीच नाही.

न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर जोडप्यानं १९५६ पासून मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांचं म्हणणं मला फार पटतं की काही मुलं जन्मतःच तापट किंवा बुजरी असतात, आणि पुढे त्यांचं कसं होतं ते घराची त्या स्वभावाशी किती सांगड बसते यावर असतं. आम्ही बुजऱ्याला ढकलणं सोडलं, कुठे जायचं असलं की आदल्या दिवशी सांगतो कोण येणार, किती वेळ थांबायचं. तुमच्याकडे तुपाची वाटी तिच्याच हातात देऊन बघा, खरंच सांगतो.

सह्याद्रीपार

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून लिहितोय. आमच्या आईला नातेवाइकांनी किती ऐकवलं, तूच त्याला धाकात ठेवलंस म्हणून झालं. हे जुनंच आहे, १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा आजाराला आईचं वागणं कारणीभूत असल्याचं लिहिलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं आयांनी ते ओझं वाहिलं, पुरावा काही मिळाला नाही.

पण घराचा काहीच संबंध नाही असंही नाही. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला. जिथे दत्तक घर सतत भांडणाचं, गोंधळाचं होतं तिथे त्यांच्यात आजार जास्त दिसला, शांत घरात बराच कमी. ज्यांच्या रक्तात तो धोका नव्हता अशा मुलांना मात्र वाईट घरानंही तेवढा फरक पडला नाही. हे वाचल्यावर मी माझ्या मुलांसमोर आवाज चढवणं खूप कमी केलंय. मोठा दहावीत आहे, त्याला काकाचं सगळं सांगितलंय आणि गांजा तुझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त धोक्याचा आहे हेही स्पष्ट सांगितलंय.

तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, नव्वदवालं वाक्य नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तूप आज तिनंच घातलं, भातापेक्षा तूप जास्त झालं पण जेवली.

@सह्याद्रीपार दादा, मुलाला काकाबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो केवढा होता? आणि कुठल्या शब्दांत सांगितलंत? माझी विचारते आजी रोज गोळी का घेते, आणि मी दरवेळी बीपीची आहे म्हणून सांगते.